जुन्या रायफलीसाठी पुंगळी निवडताना: नाव नंतर, बूड आधी

जुनी रायफल हातात आली आणि तिची काडतुसं घरी भरायची ठरवली की बहुतेक जण पहिल्यांदा पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, गोळा करायला लागतात. मग डाय (पुंगळी दाबून आकारात आणणारं हत्यार) येतो, मग प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), आणि सगळ्यात शेवटी कधीतरी चेंबरचं, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप. हा क्रम नेमका उलटा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या रायफलीचं चेंबर तिच्या काडतुसाच्या नावाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. शिवाय पुंगळीवर कोरलेलं नाव त्या पितळाचा इतिहास सांगत नाही.

बार उडताना पुंगळीच्या भिंतींना चेंबरचा आधार मिळतो. बुडाकडचे शेवटचे काही मिलिमीटर मात्र बऱ्याच जुन्या रायफलींत चेंबरच्या बाहेर, उघड्यावर असतात. तिथे दाब झेलायला फक्त पितळ असतं. मान, म्हणजे गोळी धरणारं अरुंद टोक, फाटली तर एक पुंगळी वाया जाते. बूड फुटलं तर तापलेला वायू बोल्टमधून थेट तुमच्या चेहऱ्याकडे येतो. म्हणून खालची सगळी निवड बुडापासून सुरू होते.

हा लेख फक्त पुंगळीबद्दल आहे. दारूचं वजन इथे मिळणार नाही, ते चालू आवृत्तीच्या लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचं. घरी काडतूस भरायला परवाना लागतो का, परवानगी आहे का, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. ते आधी पाहून घ्या.

टप्पा १: आधी रायफल मोजा

रायफल एखाद्या जाणत्या गनस्मिथकडून तपासून घ्या आणि दोन प्रश्न स्पष्ट विचारा: हेडस्पेस किती आहे, आणि चेंबर मूळचंच आहे की नंतर कुणी बदललेलं?

हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून पुंगळी जिथे अडते तिथपर्यंतचं अंतर. रिमवाली पुंगळी रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) अडते, बिनरिमची खांद्यावर (मानेकडे निमुळत्या होणाऱ्या उतारावर). .३०३ ब्रिटिश काडतुसाच्या रायफलीत किमान हेडस्पेस ०.०६४ इंच, म्हणजे १.६३ मिमी असतो. वरची मर्यादा तपासणारा लष्करी फील्ड गेज ०.०७४ इंचांचा, म्हणजे १.८८ मिमीचा होता. आता समजा रायफल या वरच्या मर्यादेला टेकलेली आहे आणि तुम्ही १.५ मिमी रिमच्या पुंगळ्या आणल्या. रायफल चाचणीत पास, पुंगळीही पास, तरी दोघांमध्ये जवळजवळ ०.४ मिमी फट आहे. पहिल्याच बाराला पितळ तेवढं ताणलं जातं. दोन पुंगळ्यांवर नाव सारखं असूनही एक चार-पाच वेळा टिकते आणि दुसरी दुसऱ्यांदाच तुटते, ते अशा फटीमुळे.

यानंतर चेंबरचा साचा काढा. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू साधारण ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो. ओतल्यावर तो आधी किंचित आकसतो, मग फुगू लागतो, आणि साधारण एका तासानं त्याचं माप चेंबरच्या मापाएवढं होतं. मापं त्याच वेळी घ्या. दुसऱ्या दिवशी घेतलेलं माप मोठं येईल. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि गरजेपेक्षा जास्त तापवू नका.

साच्यावरून चार आकडे वहीत लिहा: बुडाजवळचा व्यास, खांद्याची जागा, मानेचा व्यास आणि चेंबरची एकूण लांबी. नळीच्या आतला व्यासही वेगळा मोजा. जर्मन ८×५७ रायफलींत हे टाळताच येत नाही. जुन्या नळ्या ०.३१८ इंची गोळीसाठी होत्या आणि १९०५ नंतरच्या लष्करी नळ्या ०.३२३ इंचीसाठी. पुंगळी जवळपास तीच, गोळी मात्र वेगळी.

तपासा: हे चार आकडे वहीत नसतील तर पुढे जाऊ नका. पुंगळ्या आधीच विकत घेऊन बसला असाल तर त्या कपाटात ठेवा.

टप्पा २: हातातल्या पुंगळ्यांतून काय फेकायचं

वारशात किंवा जुन्या डब्यात मिळालेल्या पुंगळ्या ठेवायची कारणं शोधू नका. फेकायची कारणं शोधा.

आधी लोहचुंबक लावा. ७.६२×५४आर सारख्या काडतुसांच्या पुष्कळ पुंगळ्या पोलादाच्या असतात, वरून नुसता तांब्याचा किंवा लाखेचा थर. चुंबक चिकटला तर बाजूला. चुंबक बुडाला लावायचा. भरलेल्या काडतुसात गोळीच्या आवरणातही पोलाद असू शकतं, त्यावरून फसगत होते.

मग भोक पाहा. तोंडातून टॉर्च मारली की तळाशी मधोमध एक भोक दिसलं तर बॉक्सर पद्धतीची पुंगळी, दोन बारीक भोकं दिसली तर बर्डान. बर्डानमध्ये प्रायमरची ऐरण पुंगळीच्याच तळात घडवलेली असते. साध्या डायची प्रायमर काढणारी पिन त्यावर आपटली की मोडते. बर्डान पुंगळ्या पुन्हा भरता येतात, पण त्यांना वेगळी हत्यारं आणि वेगळे प्रायमर लागतात, आणि तेही नेमक्या मापाचे. नवशिक्यानं त्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर पारा. जुन्या प्रायमरांत मर्क्युरी फल्मिनेट असायचं. काळ्या दारूच्या काळात बाराचा बराचसा पारा दारूच्या काजळीसोबत निघून जाई. धूरविरहित दारू आली, काजळी कमी झाली आणि पारा पितळात शिरू लागला. त्यामुळे पितळ ठिसूळ होतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुंगळी चकाकत असते, माप बरोबर येतं, आणि बाराला तुकडे होतात. याची घरगुती चाचणी नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीची, धूरविरहित दारूनं झाडलेली आणि प्रायमर कोणता होता ते माहीत नसलेली पुंगळी असेल तर ती भंगारात.

हे क्षारवाल्या प्रायमरपेक्षा वेगळं आहे. त्या प्रायमरांतून पोटॅशियम क्लोराईड राहतं, ते ओल धरतं आणि नळीला गंज चढवतं. पुंगळी मात्र गरम पाण्यानं धुतली की बहुधा वाचते. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि क्षारांच्या भीतीनं नळी घासत बसतात, पाऱ्याची पुंगळी मात्र जपून ठेवतात.

शेवटी चिरा. न झाडलेल्या जुन्या काडतुसांच्या मानेवर उभ्या बारीक चिरा दिसल्या तर तो सगळा डबाच संशयास्पद. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची, म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूचंच नाव देऊन टाकलं. कारण होतं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. ओढून घडवलेल्या पितळात ताण अडकलेला असतो, तिथे ओल आणि अमोनिया पोचले की पितळ चिरतं. यातून आजही लागू पडणारा धडा असा: अमोनिया असलेलं पितळ पॉलिश पुंगळ्यांना कधीही लावू नका. भांडी उजळतात म्हणून पुंगळ्याही उजळतील असं समजून पुष्कळ चांगल्या पुंगळ्या मारल्या गेल्या आहेत.

सावधान: पितळावर गुलाबी-तांबूस डाग असतील तर जस्त निघून गेलेलं असू शकतं. व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यानंही असं होतं. धुवायचंच असेल तर सौम्य द्रावण, थोडी मिनिटं, मग साध्या पाण्यानं भरपूर खळबळून पूर्ण वाळवा.

टप्पा ३: बुडाच्या आत डोकवा

काळ्या दारूच्या काळातल्या काडतुसांसाठी, विशेषतः .४५-७० सारख्यांसाठी, हा टप्पा वेगळा ठेवला आहे. जुन्या पुंगळ्यांची बुडं तीन तऱ्हांची सापडतात. पहिल्या तऱ्हेत पातळ पत्रा दुमडून कड बनवलेली असते. दुसरीत प्रायमरचा खळगा आतल्या पोकळीत वाटीसारखा वर आलेला असतो आणि त्याच्याभोवती खोलगट गोल खाच दिसते. तिसरीत तळ सपाट, जाड आणि भरीव असतो.

भरायची ती फक्त तिसरी. दुसऱ्या तऱ्हेत खळग्याभोवती पितळ फार कमी असतं, आणि पोकळी जास्त असल्यानं दारूचं मापही जुळत नाही. लांब दांड्याची छोटी टॉर्च आत घाला. तळ सपाट दिसायला हवा. शंका असेल तर त्या गठ्ठ्यातली एक पुंगळी करवतीनं उभी कापा. एक पुंगळी गेली तर जाऊ दे, बाकीच्यांबद्दल खात्री होते.

टप्पा ४: नवी घ्यायची की दुसरीतून घडवायची

माझा पसंतीक्रम ठरलेला आहे. त्याच काडतुसासाठी बनलेली, त्याच नावाच्या शिक्क्याची नवी पुंगळी मिळत असेल तर तीच घ्या, महाग असली तरी. त्यानंतर माहितीतल्या माणसाकडची, एकदाच झाडलेली बॉक्सर पुंगळी. दुसऱ्या काडतुसाची पुंगळी घडवणं शेवटी, आणि फक्त जेव्हा वरचे दोन्ही रस्ते बंद असतील. घडवण्यात मजा आहे हे मान्य, पण वाचलेले पैसे डाय, रीमर (आतून खरवडणारं हत्यार) आणि वाया गेलेल्या पुंगळ्यांत जातात.

घडवायचंच ठरवलं तर मूळ पुंगळी निवडताना ही मापं ह्याच क्रमानं जुळवा: बुडाचा व्यास, रिमचा व्यास, रिमची जाडी, लांबी. लांबी कापता येते. मान अरुंद किंवा रुंद करता येते. बूड मात्र बदलता येत नाही, बारीक असेल तर ते फुगतं आणि फुगलेलंच राहतं.

काही ठरलेल्या जोड्या आणि ठरलेल्या चुका:

.३०-०६ पासून ८×५७ आणि ७.६५×५३ नीट होतात, कारण बुडं जवळजवळ सारखी आहेत.

.३०-०६ पासून ६.५×५५ स्वीडिश करायचा मोह सगळ्यांना होतो. तिचं बूड १२.२ मिमी, .३०-०६ चं साधारण ११.९५. पाव मिमीचा हा फरक बाराला भरून निघतो तो बुडाजवळच्या भिंतीनं फुगून, म्हणजे जिथे पितळ सगळ्यात कमी हलायला हवं नेमकं तिथे. पुंगळी चेंबरमध्ये बसते, बार होतो, आणि माणूस समजतो की जमलं. योग्य शिक्क्याच्या पुंगळ्या सहज मिळत असताना हे करण्यात अर्थ नाही.

७.६२×५४आर आणि .३०३ दोन्ही रिमवाल्या, दिसायला बहिणी. पण पहिलीचं बूड बरंच जाड, ती .३०३ च्या चेंबरमध्ये जातच नाही. नुसत्या रिमवरून जोडी ठरवायची नसते, त्याचं हे सोपं उदाहरण.

८ मिमी लेबेल या फ्रेंच काडतुसासाठी .३४८ विंचेस्टर, आणि .५७७/४५० मार्टिनी-हेन्रीसाठी २४ गेजची पितळी शॉटगन पुंगळी वापरतात. दोन्हीत काम बरंच आहे, पहिल्या प्रयोगाला घेऊ नका.

सावधान: घडवलेल्या पुंगळीच्या बुडावर जुनंच नाव राहतं. ८×५७ ची भरलेली काडतुसं .३०-०६ च्या शिक्क्यासह डब्यात पडली की ती कधीतरी .३०-०६ च्या रायफलीपर्यंत पोचू शकतात, आणि ०.३२३ इंची गोळी ०.३०८ इंची नळीत ढकलली गेली तर रायफल आणि माणूस दोघांचं काही खरं नाही. वेगळा डबा, आणि डब्यावर जाड अक्षरात खरं नाव. चिठ्ठी डब्याच्या आतही टाका, कारण वरची निघते.

टप्पा ५: घडवण्याचा क्रम

उदाहरण .३०-०६ पासून ८×५७ चं घेऊ.

पुंगळी धुऊन, प्रायमर काढून घ्या. बारीक दातांच्या करवतीनं अंतिम लांबीपेक्षा एक-दीड मिमी जास्त ठेवून कापा. आतली-बाहेरची धार काढा, नाहीतर ती धार डायला ओरखडे पाडते. बाहेरून सायझिंगचं (डायमध्ये दाबून मापात आणण्याचं) वंगण अगदी पातळ लावा. खांद्यावर जास्त वंगण साचलं की तिथे पोचा पडतो. डायमधून एका दमात नाही, थोडं आत, बाहेर, पुन्हा थोडं आत, असं घाला. मग ५७ मिमीपर्यंत नेमकं ट्रिम करा.

इथे बहुतेकांची मोठी चूक होते. डायसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं: डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घ्या. तसं केलं की खांदा तुमच्या चेंबरला हव्या त्याहून मागे जाऊ शकतो आणि हेडस्पेसची फट तुम्ही स्वतःच तयार करता. डाय वर ठेवून सुरुवात करा. प्रत्येक वेळी थोडीशी खाली घ्या आणि पुंगळी रायफलीत घालून बोल्ट बंद करून पाहा. बोल्ट शेवटच्या टप्प्यात हलकासा अडखळत बंद झाला की थांबा आणि डायची रिंग तिथेच आवळा. रिकाम्या, बिनप्रायमरच्या पुंगळीवरच ही तपासणी करायची.

टप्पा ६: मान मऊ करणं

घडवताना पितळ कडक होतं आणि कडक मान फाटते. मऊ करायला फक्त मान आणि खांदा तापवायचा. बूड मऊ झालं तर ती पुंगळी म्हणजे सापळा.

तापमान दाखवणारी लाख वापरा. ४०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळणारी लाख मानेच्या आत, आणि साधारण २३० अंशाची बाहेरून, खांद्याखाली. आतली वितळली आणि खालची शाबूत राहिली की झालं. खालची वितळली की पुंगळी बाद, दया नको. पुंगळी ज्वाळेत फिरती ठेवा, काही सेकंदांत काम होतं. जुन्या पद्धतीत पुंगळ्या पाण्याच्या ताटात अर्ध्या बुडवून उभ्या करतात. पद्धत चांगली आहे, बूड थंड राहतं, फक्त ज्वाळा एका बाजूनं लागते, त्यामुळे फिरवायची सोय हवी.

लालभडक होईपर्यंत तापवणं ही जुनी खोड. तेवढ्यानं मान इतकी मऊ होते की गोळी धरून ठेवत नाही. आणि प्रायमर बसवलेली पुंगळी ज्वाळेजवळ आणायची नाही, कधीच नाही.

टप्पा ७: मानेची जाडी

ज्या पुंगळ्या कापून आखूड केल्या, त्यांची नवी मान म्हणजे जुन्या पुंगळीचा धड-खांद्याचा भाग. तिथे भिंत जाड असते. गोळी बसवल्यावर मान आणखी फुगते आणि चेंबरमध्ये घट्ट बसते. मग बाराच्या क्षणी मानेला पसरायला जागा नसते, गोळी सुटत नाही आणि दाब एकदम चढतो. बोल्ट नीट बंद झाला म्हणजे सगळं ठीक, असं इथे धरून चालत नाही. मऊ मान चेंबरमध्ये दाबली जाऊनही बोल्ट बंद होतो.

गोळी बसवलेली एक नमुना पुंगळी करा, त्यात दारू नाही आणि प्रायमर नाही. तिची मान मायक्रोमीटरनं मोजा आणि साच्यावरच्या मानेच्या मापातून वजा करा. दोन्ही बाजू मिळून किमान ०.०५ मिमी मोकळीक हवी. शिकारी किंवा जुन्या लष्करी रायफलीला मी याच्या दुप्पट पसंत करतो. कमी असेल तर मान आतून रीम करा किंवा बाहेरून छिला.

तपासा: पहिल्या बारानंतर झाडलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी बोटानं सरकवून पाहा. ती सहज आत जायला हवी. अडली तर मान जाड आहे किंवा पुंगळी लांब आहे. दोन्हींपैकी काय ते कळेपर्यंत दुसरा बार नाही.

टप्पा ८: गठ्ठे वेगळे करा

वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या बाहेरून सारख्या, आतून वेगळ्या. लष्करी पुंगळ्यांची भिंत बऱ्याचदा जाड असते, म्हणजे आत जागा कमी, म्हणजे त्याच दारूला दाब जास्त. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठपट जड. बाहेरून आकार तोच असेल तर पुंगळी साडेआठ ग्रेननं (वजनाचं बारीक एकक) जड भरली की आतली जागा सुमारे एक ग्रेन पाण्याएवढी कमी झाली असं समजा. खात्री हवी तर झाडलेल्या, सायझिंग न केलेल्या पुंगळीत जुना प्रायमर तसाच ठेवून काठोकाठ पाणी भरा आणि वजन करा.

लष्करी पुंगळीत प्रायमर भोवताली ठोकून घट्ट केलेला असतो. प्रायमर काढल्यावर खळग्याची ती कड रीमरनं काढल्याशिवाय नवा प्रायमर बसवू नका. जोर लावून बसवण्याच्या प्रयत्नात तो हातात उडू शकतो.

टप्पा ९: पहिला बार आणि त्यानंतरची नजर

घडवलेल्या पुंगळीचा पहिला बार मॅन्युअलमधल्या त्या काडतुसाच्या सुरुवातीच्या चार्जनं (दारूच्या मापानं) करा. मॅन्युअलमध्ये जुन्या, कमी ताकदीच्या रायफलींसाठी वेगळी यादी असेल, जशी ट्रॅपडोर स्प्रिंगफिल्ड या जुन्या अमेरिकी रायफलीसाठी .४५-७० ची असते, तर तीच घ्या. सुरुवातीच्या चार्जच्याही खाली स्वतःच्या अंदाजानं जाऊ नका, काही दारूंना तेही मानवत नाही.

.३०३ सारख्या रिमवाल्यांसाठी एक जुनी युक्ती कामाची आहे. पहिल्या बाराला रिमच्या पुढे पुंगळीवर पातळ रबरी रिंग चढवा. ती पुंगळीला मागे बोल्टवर दाबून धरते, मग फट बुडाजवळ ताणून भरली जात नाही, खांदा पुढे सरकून भरतो. त्यानंतर ह्या पुंगळ्यांची फक्त मान सायझ करा. पूर्ण सायझिंग केलं की कमावलेलं सगळं गेलं. बिनरिमच्यांत हेच काम खोटा खांदा करतो: मान आधी जास्त रुंद करायची आणि मग टप्प्याटप्प्यानं खाली आणत बोल्ट जरा अडखळत बंद झाला की थांबायचं.

प्रत्येक बारानंतर बुडापासून आठ-नऊ मिमी वर चमकदार रेघ दिसते का पाहा. बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून, टोकदार करून, आतल्या भिंतीवरून तळापासून वर ओढा. तिथे खाच लागली की पुंगळी बुडापासून तुटायच्या बेतात आहे. बाहेरची रेघ नुसती डायचीही असू शकते, आतली खाच मात्र खोटं बोलत नाही. सुरुवातीला माझ्या हाताला ती कळायची नाही, म्हणून तुटलेल्या एका पुंगळीचा अर्धा भाग सरावासाठी ठेवला होता.

एका गठ्ठ्यातल्या एकीत खाच सापडली तर त्या गठ्ठ्यातली प्रत्येक पुंगळी तारेनं तपासा. नवा प्रायमर बोटाच्या दाबानं आत जात असेल तर खळगा सैल झाला, ती पुंगळी बाद. किती वेळा झाडली ते डब्यावर लिहा. बाद केलेली प्रत्येक पुंगळी पक्कडीनं तोंडाशी चेपून टाका, म्हणजे ती चुकूनही पुन्हा चांगल्यांत मिसळणार नाही.